अकरावी होडी

मोचेमाडच्या खाडीचं तोंड जिथे उघडतं
तिथल्या टेकाडावर आमचं कपेल आहे, चिऱ्याचं.
दर पावसात निम्मा चुना वाहून जातो.
घंटा मात्र काशाची,
वारा कुठलाही असो, कोसभर ऐकू जाते.

फादर रेमेजियू त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले होते :
इनास, वीज गेलीय, दांडीवरचा दिवाही गेलाय.
अकरा होड्या बाहेर आहेत.
शेवटची आत येईस्तोवर दोर सोडायचा नाही.

मी दमलो नव्हतो.
हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक चांगले आहेत,
पोराचे हात सोलले होते म्हणतात.
सोलले नव्हते.
सांतानच्या पडवीत पत्ते मांडले होते
आणि आदल्या रात्री मी जिंकत आलो होतो.
दहा कंदील मोजले.
अकरावा असेल मागोमाग, म्हटलं,
आणि उतरलो.

बस्त्याव तिसऱ्या दिवशी मिळाला, खडपाच्या कपारीत.
हातात वल्हं नव्हतं. पायात एकच चप्पल.
डाव मी हरलो होतो की जिंकलो होतो
ते आजवर आठवत नाही.

दोर मीच कापला, कोयत्याने,
आणि भरतीत फेकला.
पापनिवेदनाच्या जाळीपलीकडून फादर क्षमेचे शब्द बोलले.
मी ते ऐकले
शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसे.
देव क्षमा करत असेल, त्याचं काय,
त्याला कुठे खाडीवर उभं राहून वाट बघायची होती?
असं मी म्हणायचो. तेव्हा म्हणायचो.

सात वर्षं मिंगेल शिडी लावून
हातोडीने ठोके देत राहिला.
मी आधी मागच्या बाकावर बसे,
मग पायरीवर,
मग बाहेर चिंचेखाली,
उठून जायला सोपं.

आठव्या वर्षी, पवित्र शनिवारी, दुपारी,
कोन्सू आली. बस्त्यावची कोन्सू.
गुरुवारच्या रात्रीपासून घंटा गप्प असतात आमच्यात,
लाकडाची मात्राक तेवढी खडखडते.
उन्हात सगळं गाव मुकं होतं.
तिच्या खांद्यावर काथ्याचा दोर, नवा,
अजून खाजणाचा वास मारणारा.

माझ्या पायांपाशी टाकला.
"अकरा म्हयने सोडणा कुजवलंय खाऱ्या पाण्यात.
मगे कुटलंय. मगे वळलंय.
ह्यो खाऱ्या वाऱ्यान तुटाचो नाय."

मी काहीच बोललो नाही.

"मियां तुका माफ करूक नाय, इनास," ती म्हणाली.
"रोज करूक बघतंय, रोज ऱ्हवता.
पण घंटा वाजाक व्हयी.
माझो झील औंदा होडयेत चढता."

गेली. वळून पाहिलं नाही तिने.
दोर तसाच पडला होता, वेटोळ्यात.
मी त्याला हात लावला तेव्हा
एक कुसळ तळव्यात गेलं.
दया मला वाटलं होतं तेलासारखी असेल,
कपाळावर लावतात तशी.
हिला तर काटे होते.
हिला वळायला कुणाची तरी बोटं फाटली होती.

रात्री विस्तव पेटला, मोठी मेणबत्ती आत आली,
माणसामाणसातून उजेड पुढे सरकत गेला.
मी घंटेखाली उभा.
फादर आता म्हातारे, आवाज फुटतो त्यांचा,
तरी गौरवगीताचा पहिला शब्द त्यांनी उचलला
आणि मी दोर ओढला.

सात वर्षांचा गंज आधी खाली आला,
एक पाकोळीचं घरटं,
मग नाद.

गीत संपलं. फादरांनी हात वर केला, पुरे.
मला दिसला तो हात.
मी थांबलो नाही.
वाचन सुरू व्हायचं होतं, लोक मागे वळून पाहत होते,
मिंगेल दारापर्यंत येऊन परत गेला.
बाहेर समुद्रावर एकही होडी नव्हती त्या रात्री.
मी दोर सोडत नव्हतो.

मग काळोखातून, माझ्या खांद्याजवळून,
दमलेला, भाकऱ्या थापून आल्यासारखा आवाज :
"पुरे रे, इनास.
इले सगळे."